लेकरांच्या नावाने ठेवलेला पैसा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यापार आणि शेती ही ज्या समाजाची दोन चाके आहेत, त्या समाजाला बचतीचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. काटकसर ही येथे घराघरांतून चालत आलेली रीत आहे. तथापि एक प्रश्न अशा घरांतूनही सहसा विचारला जात नाही. घरात जे साठले आहे, त्यातील मुलांचे नेमके किती? यावर बहुतेक वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते, "सगळे त्यांचेच तर आहे." हे उत्तर प्रेमाचे आहे, परंतु हिशेबाचे नाही. दुकानातील माल, बाजारात अडकलेली उधारी, नव्या गाळ्यासाठी दिलेली अनामत, उसाच्या बिलातून घेतलेली जमीन, ही सर्व संपत्ती खरीच. पण ती फिरती असते किंवा गुंतलेली असते. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क जुलैत भरावयाचे असते आणि उधारी दिवाळीला वसूल होते. फिरणाऱ्या पैशाला मुलांचे वय ठाऊक नसते.

यास्तव मुलांच्या नावाने, त्यांच्या वयाशी बांधलेली आणि शासनाचा आधार असलेली दीर्घ मुदतीची बचत हा विषय प्रत्येक तरुण आईवडिलांनी एकदा तरी शांतपणे बसून विचारात घ्यावा असा आहे. हा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न येतो तो व्याजदराचा. कोणती योजना अधिक देते? वस्तुतः हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न तारखेचा. पैसा कोणत्या वर्षी हाती लागेल, आणि त्या वर्षी मूल किती वयाचे असेल?

प्रारंभी 'शासकीय योजना' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेणे इष्ट होय. काही योजनांत शासन स्वतःच्या तिजोरीतून मुलाला पैसे देते. काहींत शासन केवळ पालकांच्या पैशाची हमी घेते आणि व्याज देते. महाराष्ट्र शासनाची 'लेक लाडकी' ही योजना पहिल्या प्रकारातील. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याची ही तरतूद आहे. सभागृहातील अनेक कुटुंबे या अटीत बसणार नाहीत. परंतु त्यांच्या दुकानात, गोदामात, शेतावर आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसांपैकी कित्येक बसतील. त्यांच्या मुलीचा अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत भरला गेला आहे का, एवढे विचारणे मालकाला अवघड नाही.

शासनाने पैसा द्यावा आणि पालकांनी योजना निवडावी, असा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेल्या मुलांसाठी तेथील सरकारने 'चाइल्ड ट्रस्ट फंड' हे खाते सुरू केले. प्रारंभी प्रत्येक मुलामागे २५० पौंडांचे प्रमाणपत्र घरी येई, गरीब कुटुंबाला त्याहून अधिक मिळे. ते बँकेच्या ठेवीसारख्या खात्यात घालावे, समभागांत घालावे की ठरावीक नियमांनी चालणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या खात्यात, हे पालकांनी वर्षभरात ठरवावयाचे होते. ज्यांनी ठरवले नाही, त्यांच्या मुलाचे खाते करखात्याने स्वतःच उघडून टाकले. सप्टेंबर २०२० पासून ही मुले अठरा वर्षांची होऊ लागली आणि मग जे उघडकीस आले ते विचार करावयास लावणारे आहे. लाखो खात्यांवर कोणी हक्कच सांगितला नाही. घर बदलले, कागद हरवला, आईवडिलांनी सांगितले नाही; मुलाला आपल्या नावाने पैसा आहे हेच ठाऊक नव्हते. फुकट मिळालेल्या पैशाची ही गत झाली, कारण तो निवडताना कोणी मनापासून बसले नव्हते.

भारतात केंद्र शासन मुलांच्या खात्यात स्वतःचा पैसा घालत नाही. ते हमी देते, बाजारातील ठेवींच्या तुलनेत बरे व्याज देते आणि त्या व्याजावर कर घेत नाही. अशा दोन योजना सर्वपरिचित आहेत. मुलींसाठी सुकन्या समृद्धी आणि मुलगा-मुलगी दोघांसाठी भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ.

सुकन्या समृद्धी योजनेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी हरियाणातील पानिपत येथे 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या मोहिमेबरोबर झाला. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी तिच्या नावाने टपाल कार्यालयात किंवा बँकेत खाते उघडता येते. एका मुलीचे एकच खाते आणि एका कुटुंबात दोन मुलींपर्यंत. जुळ्या किंवा तिळ्या मुलींच्या बाबतीत सवलत आहे. वर्षाला किमान २५० आणि कमाल १ लाख ५० हजार रुपये भरता येतात. पैसे १५ वर्षे भरावयाचे आणि खात्याची मुदत २१ वर्षांनी पूर्ण होते.

येथेच बहुसंख्य पालकांची गफलत होते. ही २१ वर्षे मुलीच्या वयाची नव्हेत, ती खाते उघडल्यापासूनची आहेत. जन्मतः खाते उघडलेल्या मुलीला पूर्ण रक्कम एकविसाव्या वर्षी मिळेल. नवव्या वर्षी उघडले तर ती तिशीत पोचलेली असेल, आणि चोविसाव्या वर्षापर्यंत हप्ते भरावे लागतील. दोन्ही खाती एकाच योजनेची, व्याज एकच, पासबुकही सारखेच. परंतु एक शिक्षणाच्या कामी येते आणि दुसरे बहुधा तिच्या स्वतःच्या मुलांच्या शाळाप्रवेशाच्या सुमारास हाती येते.

मुदतीपूर्वी पैसा काढता येतो, परंतु अटींवर. मुलगी दहावी उत्तीर्ण झाली किंवा अठरा वर्षांची झाली, की उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. त्यासाठी प्रवेशाचा किंवा शुल्काचा कागद द्यावा लागतो, आणि प्रत्यक्ष शुल्काहून अधिक रक्कम मिळत नाही. ती एकदम घ्यावी किंवा वर्षाला एक याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत हप्त्यांनी घ्यावी. दरसाल १० हजार रुपये एप्रिलच्या आरंभी भरणाऱ्या दोन घरांची तुलना करू. व्याज ८.२ टक्के कायम राहिले असे धरले, तर जन्मतः खाते उघडलेल्या मुलीच्या नावावर अठराव्या वर्षी सुमारे ३ लाख ७८ हजार असतील आणि त्यातील १ लाख ८९ हजार शिक्षणासाठी काढता येतील. नवव्या वर्षी खाते उघडलेल्या मुलीच्या नावावर त्याच वयात सुमारे १ लाख ३६ हजार असतील आणि हाती येतील ६८ हजार. हप्ता तोच, व्याज तेच. फरक केला तो नऊ वर्षांच्या दिरंगाईने.

मुलीच्या विवाहासाठीही अठरा वर्षांनंतर खाते मुदतीपूर्वी बंद करता येते. विवाहाच्या एक महिना आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत अर्ज करावा लागतो. या एका कलमामुळे कित्येक घरांत या योजनेकडे 'लग्नाची ठेव' म्हणूनच पाहिले जाते. मुलाच्या नावाने पैसा साठवताना मात्र कोणी त्याला लग्नाची ठेव म्हणत नाही. नियमांनी शिक्षणाची वाट आधी ठेवली आहे आणि विवाहाची नंतर. घरानेही तोच क्रम पाळावा. मांडवाचा खर्च कमी करता येतो, अभियांत्रिकीचे शुल्क कमी करता येत नाही.

आता व्याजदराविषयी. हा दर शासन दर तिमाहीस ठरवते आणि तो संपूर्ण खात्याला लागू होतो. खाते उघडताना जो दर होता तो शेवटपर्यंत राहत नाही. सुकन्या योजनेचा पहिला दर ९.१ टक्के होता, २०१५-१६ मध्ये तो ९.२ झाला, एप्रिल २०२० मध्ये ७.६ पर्यंत उतरला आणि जानेवारी २०२४ मध्ये ८.२ करण्यात आला. पीपीएफचा प्रवास याहून मोठा आहे. घरातील आजोबांच्या स्मरणात आजही १२ टक्क्यांचा पीपीएफ आहे आणि ते स्मरण बरोबर आहे; जानेवारी २००० पर्यंत तो दर होता. त्या दराने पैसा सहा वर्षांत दुप्पट होई. एप्रिल २०२० मध्ये हा दर ७.१ टक्के झाला, आणि या दराने पैसा दुप्पट होण्यास दहा वर्षे लागतात. आजोबांच्या पिढीचा अनुभव नातवंडांच्या हिशेबात जसाच्या तसा घालू नये, एवढाच याचा अर्थ.

आकडा ऐकल्यावाचून मन भरत नाही, म्हणून तोही पाहू. दरसाल १० हजारांप्रमाणे पंधरा वर्षांत १ लाख ५० हजार रुपये भरले, तर एकविसाव्या वर्षाअखेर ८.२ टक्क्यांनी सुमारे ४ लाख ७९ हजार होतात. दर ७.६ राहिला तर सुमारे ४ लाख ४० हजार. म्हणजे दराच्या चढउतारामुळे पडणारा फरक ३९ हजारांचा. नवव्या वर्षापर्यंत थांबल्याने अठराव्या वर्षी पडलेला फरक मात्र १ लाख २१ हजारांचा होता. व्याज कधी वाढते याची वाट पाहत खाते न उघडणारे पालक कोणत्या बाजूने तोटा करून घेतात, हे यावरून दिसेल.

मुलगा असेल तर काय? सुकन्या योजना त्याला नाही. त्याच्यासाठी पीपीएफ आहे, आणि मुलीसाठीही तो आहेच. ही योजना १९६८ पासूनची. वर्षाला किमान ५०० आणि कमाल १ लाख ५० हजार रुपये. खाते ज्या आर्थिक वर्षात उघडले ते वर्ष संपल्यापासून पंधरा वर्षांची मुदत. जन्मतः उघडले तर मूल दहावी-अकरावीत असताना मुदत संपते. वरवर पाहता ही तारीख सोयीची नाही, पण पीपीएफचे खरे सौंदर्य मुदत संपल्यावर सुरू होते. पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी ते वाढवता येते. नवे हप्ते न भरता तसेच चालू ठेवले तर शिलकीवर व्याज मिळत राहते आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. चार-पाच वर्षांच्या पदवीचे वार्षिक शुल्क भरण्यास याहून सोयीची दुसरी शासकीय व्यवस्था नाही. हप्ते भरत राहून वाढवावयाचे असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो आणि मग त्या पाच वर्षांत टप्प्याच्या आरंभीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच रक्कम काढता येते. अनेकांना हा दुसरा अर्ज ठाऊक नसतो.

मूळ मुदतीतही सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम मिळू शकते. म्हणून ज्या मुलीचे वय आठ-नऊ झाले आहे, तिच्यासाठी सगळा पैसा सुकन्येत न घालता काही भाग पीपीएफमध्ये घालणे शहाणपणाचे. व्याज थोडे कमी मिळेल, पण तारीख जुळेल.

पीपीएफच्या मर्यादेचा एक बारकावा व्यापारी घरांनी लक्षात घ्यावा. पालकाचे स्वतःचे खाते आणि त्याने पालक म्हणून चालवलेले अज्ञान मुलाचे खाते, या दोन्हींत मिळून वर्षाला १ लाख ५० हजार भरता येतात. अधिक भरले तर त्या जादा रकमेवर व्याज मिळत नाही. वडील स्वतःच्या खात्यात पूर्ण रक्कम भरत असतील, तर मुलाच्या खात्यावर आईने पालक व्हावे. तिची मर्यादा निराळी. मुलाच्या नावाने आईचे एक आणि वडिलांचे एक अशी दोन खाती मात्र चालत नाहीत. पूर्वी अविभक्त हिंदू कुटुंबाच्या नावानेही पीपीएफ खाते उघडण्याची प्रथा पेढ्यांमधून होती. १३ मे २००५ पासून तसे नवे खाते उघडता येत नाही.

या खात्याचा आणखी एक गुण असा, की पीपीएफमधील शिलकीवर न्यायालयाच्या हुकुमाने कर्जापोटी जप्ती आणता येत नाही. व्यापारात चांगली वर्षे येतात तशी वाईटही येतात. वाईट वर्षी प्रामाणिक व्यापारी प्रथम घरातील सोने बाहेर काढतो, मग ठेवी मोडतो आणि देणेकऱ्यांना पैसे चुकते करतो. हे त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारेच आहे. परंतु त्या ठेवींत मुलाचे शिक्षणही मोडले जाते, आणि मुलाने तर कोणाचे कर्ज घेतलेले नसते. मुलाच्या पीपीएफमधून कर्ज किंवा रक्कम काढताना पालकाला लिहून द्यावे लागते, की हा पैसा त्या अज्ञान मुलाच्याच उपयोगासाठी हवा आहे. हा कागद केवळ औपचारिक समजून सही करणारे पालक असतात. कागदावर लिहिलेले खरे ठेवावयाचे असेल, तर दुकानाच्या अडचणीसाठी त्या खात्याकडे पाहू नये.

आता एक गोष्ट जी उघडपणे बोलली जात नाही. या योजनांविषयी घरी येऊन सांगणारा कोणीच का भेटत नाही? कारण सांगणाऱ्याला त्यात काही मिळत नाही. पीपीएफवरील एजंटांचे कमिशन १ डिसेंबर २०११ पासून बंद झाले. सुकन्या खात्यालाही एजंट नाही. याउलट मुलांच्या भवितव्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या विमा योजना घरपोच येतात, आणि आणणारा बहुधा नात्यातला असतो. विमा वाईट नाही. वडिलांच्या आयुष्याचा शुद्ध मुदत विमा तर प्रत्येक घरात असावा, कारण हप्ते भरणारा गेला तर बचतीची योजना थांबते. परंतु मेहुण्याचे मन राखण्यासाठी लेकरांची वीस वर्षे बांधून देऊ नयेत. तोच प्रकार प्राप्तिकराच्या सवलतीचा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली ठरली असून तीत या हप्त्यांवर वजावट मिळत नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनाच ती मिळते. व्याज मात्र दोन्हींत करमुक्त आहे. वजावट गेली म्हणून मुलांचे हप्ते बंद करणारा पालक पूर्वीही मुलांसाठी नव्हे, करासाठीच पैसे भरत होता, असे म्हणणे वावगे ठरू नये.

तिसरी योजना अलीकडची, 'एनपीएस वात्सल्य'. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १८ सप्टेंबर २०२४ रोजी तिचा प्रारंभ केला. अठरा वर्षांखालील मुलाच्या नावाने निवृत्तिवेतनाचे खाते उघडावयाचे आणि पैसा समभाग व रोख्यांत गुंतवला जावयाचा, अशी तिची रचना. येथे ठरलेला दर नाही. वाढही बाजाराची आणि घटही बाजाराची. मुळात ही म्हातारपणाची तरतूद आहे. ज्या घरात शिक्षणाची सोय झाली आहे त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. ज्यांच्यापुढे पुढील पंधरा वर्षांचे शुल्क उभे आहे, त्यांनी ते आधी पाहावे.

आजी-आजोबांची नातवंडांवरील माया ही या समाजाची मोठीच शिदोरी. बारशाला, वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला पाकिटे येतात. ती कपाटात राहतात आणि हळूहळू घरखर्चात विरून जातात. हा पैसा मुलाच्या खात्यात जमा व्हावा, हे उत्तम. पण खाते आजोबांनी स्वतः पालक म्हणून उघडू नये. आईवडील हयात असताना कायद्याने तेच नैसर्गिक पालक होत. आजी-आजोबांनी उघडलेली सुकन्या खाती आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकांच्या नावे वर्ग करण्याविषयी अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतंत्र सूचना काढल्या, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या लागू झाल्या. आजोबांनी पैसे द्यावेत, पालकाच्या रकान्यात सही आईने किंवा वडिलांनी करावी. जुन्या खात्यात असे काही राहिले असेल, तर टपाल कार्यालयात जाऊन ते दुरुस्त करून घेणे अगत्याचे.

हप्ता केव्हा भरावा हाही प्रश्न क्षुल्लक नाही. दोन्ही योजनांत महिन्याच्या ५ तारखेनंतर आणि अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळते. ५ एप्रिलपूर्वी भरलेल्या हप्त्याला संपूर्ण वर्षाचे व्याज मिळते. ३१ मार्चला धावपळीने भरलेल्याला त्या वर्षी काहीच मिळत नाही. दरसाल १० हजारांचा सुकन्येचा हप्ता एप्रिलऐवजी नेहमी वर्षअखेरीस भरला, तर एकवीस वर्षांनी सुमारे ३६ हजार रुपये कमी हाती येतात. व्यापाऱ्याला मार्चअखेर पैशाची ओढ असते हे खरे. त्यासाठी वर्षभर बँकेत आवर्ती ठेव करून ती एप्रिलमध्ये मुलाच्या खात्यात वळवणारी चतुर गृहिणी पुष्कळ घरांत आढळते. किमान रक्कमही एखाद्या वर्षी राहून गेली तर ५० रुपये दंड भरून खाते पूर्ववत करता येते. तथापि पीपीएफ खाते तसे बंद पडलेले असताना त्यातून कर्ज किंवा रक्कम काढता येत नाही.

एवढे सगळे केल्यावर मुलांचे शिक्षण निर्वेध पार पडेल काय? प्रामाणिक उत्तर असे, की केवळ एवढ्यावर नाही. महागाई दरसाल ६ टक्क्यांनी वाढली असे धरले, तर एकवीस वर्षांनी मिळणाऱ्या ४ लाख ७९ हजारांत आजच्या सुमारे १ लाख ४१ हजारांचीच खरेदी होईल. भरलेल्या दीड लाखाची आजच्या हिशेबातील किंमत १ लाख ३ हजारांच्या आसपास भरते, म्हणजे वाढ झाली, पण ती कागदावर दिसते तेवढी नव्हे. वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न दहा हजारांच्या हप्त्यावर उभे राहत नाही. उत्पन्न वाढेल तसा हप्ता वाढवीत जाणे, आणि ज्यांना बाजाराची जोखीम झेपते त्यांनी काही भाग अन्यत्र घालणे, हे त्यावरचे उपाय. शासकीय खाते हे घराचे जोते आहे. भिंती पालकांनाच उभाराव्या लागतात. मात्र या जोत्याचा एक लाभ कोणत्याही गणितात बसत नाही. दुकान चालो वा न चालो, शेतात पाऊस पडो वा न पडो, एक रक्कम मुलाच्या नावाने बाजूला काढलेली आहे आणि तिला कोणी हात लावलेला नाही, ही गोष्ट मुलाला घरातील वागणुकीतून कळत असते.

ती त्याला स्पष्टपणे सांगावीही. ब्रिटनमधील बेवारस खात्यांची गोष्ट दूरची वाटेल, पण येथेही नियम आहे. मुदत संपून खाते निष्क्रिय ठरले आणि त्यानंतर सात वर्षे कोणी हक्क सांगितला नाही, तर ती रक्कम २०१६ च्या नियमांनुसार ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे वर्ग होते. पुढेही दावा करता येतो, परंतु खटपट करावी लागते. पीपीएफ मुदतीनंतर पडून राहिला तर व्याज तरी मिळत राहते. सुकन्या खात्याला एकवीस वर्षांनंतर व्याजही मिळत नाही. वडिलांच्या तिजोरीत कोणत्या पासबुकाखाली काय आहे, हे घरात फक्त एकाच माणसाला ठाऊक असणे धोक्याचे असते.

म्हणून मूल दहा-बारा वर्षांचे झाले की वर्षातून एकदा, हप्ता भरण्याच्या दिवशी, त्याला टपाल कार्यालयात बरोबर न्यावे. पासबुकातील नोंद त्याला वाचू द्यावी, व्याजाची ओळ कोणती आणि हप्त्याची कोणती हे दाखवावे. पोस्टाचे साधे बचत खाते दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येते. वाढदिवसाच्या पाकिटांसाठी ते उघडून दिले तर सही करण्याचा सरावही होतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुकन्या आणि पीपीएफ या दोन्ही खात्यांवर पालकाची सही चालत नाही. मुलाने किंवा मुलीने स्वतः जाऊन आधार, पॅन आणि नव्या सहीचा नमुना द्यावा, खाते सज्ञान म्हणून आपल्या नावे करून घ्यावे आणि नामनिर्देशनाचा अर्ज स्वतःच्या इच्छेने भरावा. हे काम वाढदिवसानंतर पहिल्याच महिन्यात उरकावे. प्रवेशाच्या धांदलीत ते मागे पडते, आणि शुल्क भरावयाच्या दिवशी खिडकीवर पालकाची सही परत येते.